फाइल डोळ्यांसमोर, तरी ‘अशी फाइल नाही’: एआरएम लिनक्सवर जुने प्रोग्राम आणि ब्राउझर प्लगइन

“भाऊ, फाइल तर इथंच दिसून राहिली, मग हा ‘अशी फाइलच नाही’ काऊन म्हणून राहिला?”

नागपुरातल्या छोट्या शाळा, वाचनालयं आणि दुकानांची लिनक्स मशीनं सांभाळताना हा प्रश्न माझ्यापुढे सतत येतो. विचारणारा बदलतो, प्रोग्राम बदलतो, प्रश्न तोच राहतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा ठरलेला: “मागच्या महिन्यात चालू करून दिलं होतं, अपडेट झालं अन् पुन्हा बंद पडलं.” दोन्हींचं मूळ एकच आहे, म्हणून उत्तर एकाच ठिकाणी लिहून ठेवतो आहे. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत; टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, दुपारी वीज जाते-येते, आणि बंद खोलीत ओळीनं मांडलेले डेस्कटॉप ती खोली आणखी तापवतात. म्हणून अनेकांनी रास्पबेरी पाय किंवा तसलेच एआरएम प्रोसेसरचे बोर्ड घेतले. वीज कमी लागते, छोट्या यूपीएसवर लॅब तग धरते. निर्णय चांगला आहे, आणि कोणी विचारलं तर आजही मी तोच सल्ला देतो. पण जुने डेस्कटॉप इंटेल-एएमडीच्या, म्हणजे एक्स८६ जातीचे होते, आणि वर्षानुवर्षं जमलेलं सॉफ्टवेअर त्याच प्रोसेसरसाठी बांधलेलं आहे. लिनक्स दोन्हीकडे असलं तरी प्रोसेसरला समजणाऱ्या सूचना वेगळ्या. प्रोसेसरच्या या जातीलाच आर्किटेक्चर म्हणतात. एका लिनक्सची बायनरी, म्हणजे चालवण्यासाठी तयार बांधलेली फाइल, दुसऱ्या लिनक्सवर चालेलच, ही समजूत इथे मोडते.

आधी एरर नीट वाचा

तीन संदेश येतात आणि तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत.

पहिला, ‘एक्झेक फॉरमॅट एरर’. हा सगळ्यात प्रामाणिक. कर्नलनं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानं, फाइल उघडली, आत पाहिलं, आणि या सूचना माझ्या प्रोसेसरच्या नाहीत असं सांगितलं. एआरएम बोर्डावर एक्स८६ चा प्रोग्राम थेट चालवला तर हेच दिसतं.

दुसरा, ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. वरचा प्रश्न याच्यावरूनच येतो. इथे जी फाइल सापडत नाही ती तुम्ही टाइप केलेली नसतेच. डायनॅमिक लायब्ररी (चालताना बाहेरून जोडले जाणारे कोडचे संच) वापरणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामच्या आत एका लोडरचा, म्हणजे त्या लायब्ररी आणून जोडणाऱ्या प्रोग्रामचा, पत्ता कोरलेला असतो. ३२-बिट एक्स८६ प्रोग्रामसाठी तो ‘/लिब/एलडी-लिनक्स.एसओ.२’ असतो, ६४-बिटसाठी ‘/लिब६४/एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२’, आणि एआरएम६४ (६४-बिट एआरएम, यालाच एआर्च६४ असंही म्हणतात) साठी ‘/लिब/एलडी-लिनक्स-एआर्च६४.एसओ.१’. प्रोग्राम हजर आणि लोडर गैरहजर, अशी स्थिती असली की कर्नल ‘फाइल नाही’ एवढंच म्हणतो, कोणती नाही ते सांगत नाही. साध्या ६४-बिट पीसीवर ३२-बिट प्रोग्राम चालवताना हीच गंमत नसलेली गोष्ट तासन्‌तास खाते. बॅशच्या (टर्मिनलमधल्या कमांड चालवणाऱ्या शेलच्या) ५.२ आवृत्तीपासून हा संदेश थोडा सुधारला आहे. आता तो ‘रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड’ म्हणतो. एआरएमवर क्यूएमयू (दुसऱ्या प्रोसेसरचे प्रोग्राम भाषांतर करून चालवणारं साधन) बसवलेलं असेल तर क्यूएमयू निदान त्या लोडरचं नाव तरी छापतं.

तिसरा, ‘राँग ईएलएफ क्लास: ईएलएफक्लास३२’. ईएलएफ हा लिनक्सच्या बायनरी फाइलींचा साचा. याचा अर्थ ६४-बिट प्रोसेसमध्ये, म्हणजे चालू प्रोग्राममध्ये, कोणीतरी ३२-बिट लायब्ररी भरू पाहतं आहे. हा प्लगइनचा आजार. आणि इथे एक बारकावा आहे जो माहीत नसला तर माणूस चुकीच्या दिशेनं शोधत राहतो: लायब्ररीही ६४-बिट आणि प्रोसेसही ६४-बिट, पण एक एक्स८६ ची आणि दुसरी एआरएमची असेल, तर ग्नू सी लायब्ररीचा लोडर ‘राँग क्लास’ म्हणत नाही. तो ती फाइल बाजूला टाकतो आणि पुन्हा ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ म्हणतो. फाइल डोळ्यांसमोर असते, परवानग्या ठीक असतात, तरी.

म्हणून अंदाज बांधण्याआधी ‘फाइल’ ही कमांड त्या प्रोग्रामवर चालवा. ‘इंटेल ८०३८६’ दिसलं तर ३२-बिट एक्स८६, ‘एक्स८६-६४’ दिसलं तर ६४-बिट, ‘एआरएम एआर्च६४’ दिसलं तर तो या बोर्डाचाच. मग हीच कमांड ब्राउझरवरही चालवा. ‘/यूएसआर/बिन’ मधला फायरफॉक्स पुष्कळदा नुसती शेल स्क्रिप्ट असते. खरी बायनरी ‘/यूएसआर/लिब’ च्या आत शोधावी लागते.

मशीन कोणतं आहे हे पाहायला सगळे ‘युनेम -एम’ चालवतात. रास्पबेरी पायवर तेवढ्यावर विसंबू नका. ३२-बिट रास्पबेरी पाय ओएससुद्धा २०२३ पासून पाय ४ वर ६४-बिट कर्नल घेऊन सुरू होते, त्यामुळे उत्तर ‘एआर्च६४’ येतं, पण वरचं सगळं सॉफ्टवेअर ३२-बिट एआरएमचं असतं. ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’ किंवा ‘गेटकॉन्फ लाँग_बिट’ खरं काय ते सांगतं.

स्वतंत्र प्रोग्राम: तुलनेनं सोपं प्रकरण

सगळ्यात सोपं आधी. कळमना मार्केटमधल्या अडत्याकडे असतो तसला जुना डॉसचा हिशेबाचा प्रोग्राम असेल तर डॉसबॉक्स बसवा. डॉसबॉक्स स्वतः एआरएमचा प्रोग्राम आहे आणि आत अख्खा जुना पीसी उभा करतो, त्यामुळे आर्किटेक्चरचा प्रश्नच उरत नाही. डेटाच्या फोल्डरची रोज नक्कल ठेवा, एवढंच.

६४-बिट इंटेल पीसीवर ३२-बिट प्रोग्राम हवा असेल तर डेबियनची मल्टिआर्क, म्हणजे एकाच सिस्टिममध्ये दोन आर्किटेक्चरची पॅकेजं बसवण्याची, सोय आहे. ती २०१३ च्या डेबियन ७ पासून आहे. त्याआधी ‘आयए३२-लिब्स’ नावाचं एक अवजड पॅकेज टाकावं लागे आणि जुन्या सूचनांमध्ये अजूनही तेच नाव सापडतं. आता ‘डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर आय३८६’, मग ‘ॲप्ट अपडेट’, मग ‘लिबसी६:आय३८६’ आणि ‘एलडीडी’ (प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी कमांड) ज्या लायब्ररी ‘नॉट फाउंड’ म्हणेल त्या. डेबियन १३ मध्ये, म्हणजे ऑगस्ट २०२५ पासून, आय३८६ साठी कर्नल आणि इन्स्टॉलर मिळत नाहीत; ते आर्किटेक्चर आता ६४-बिट मशीनवर जुने प्रोग्राम चालवण्यापुरतंच ठेवलं आहे. जुन्या पीसीवर ३२-बिट डेबियन असेल त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

एआरएमवर एक्स८६ प्रोग्राम चालवायचा तर भाषांतर करणारा थर लागतो. तीन पर्याय नेहमीचे आहेत. क्यूएमयूचा यूजर मोड सगळं भाषांतरित करतो, लायब्ररीसकट. चालतो बऱ्यापैकी सगळीकडे, पण हळू. बॉक्स६४ प्रोग्रामचा कोड भाषांतरित करतो आणि ओळखीच्या लायब्ररींच्या जागी एआरएमच्या मूळ लायब्ररी वापरतो, म्हणून तो बराच वेगवान. ३२-बिट प्रोग्रामसाठी त्याचा भाऊ बॉक्स८६ आहे. तो स्वतः ३२-बिट एआरएम प्रोग्राम असल्यानं ६४-बिट ओएसवर ‘एआरएमएचएफ’ (३२-बिट एआरएम) आर्किटेक्चर जोडावं लागतं, आणि प्रोसेसरला ३२-बिट सूचना कळाव्या लागतात. पाय ४ आणि पाय ५ ला कळतात, ॲपलच्या एम मालिकेला कळत नाहीत. तिसरा फेक्स, तो स्वतःची एक्स८६ रूट फाइल सिस्टिम बरोबर ठेवतो, ३२ आणि ६४ दोन्ही चालवतो, पण ४ केबीची मेमरी पेज (कर्नल मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो ते) मागतो. या पेजच्या आकाराकडे पुढे पुन्हा येतो, कारण तिथेच पुष्कळांचं घोडं अडतं.

मुख्य सिस्टिममध्ये ‘एएमडी६४’ (म्हणजे ६४-बिट एक्स८६) आर्किटेक्चर जोडून लायब्ररी भरण्याचा मोह होतो. मी तो टाळायला सांगतो. उबुंटूत २४.०४ पर्यंत एआरएम६४ ची पॅकेजं ‘पोर्ट्‌स’ च्या सर्व्हरवर आणि एएमडी६४ ची मुख्य संग्रहात असल्यानं ‘ॲप्ट अपडेट’ लगेच ४०४ चे एरर ओकू लागतं. प्रत्येक स्रोताला कोणतं आर्किटेक्चर कुठून हे लिहून द्यावं लागतं. रास्पबेरी पाय ओएसवर वेगळी अडचण आहे: एकाच लायब्ररीच्या दोन आर्किटेक्चरच्या प्रती एकत्र बसवायच्या तर दोघींची आवृत्ती तंतोतंत एक हवी, आणि रास्पबेरीवाल्यांनी काही लायब्ररींमध्ये स्वतःचे बदल करून आवृत्तीला शेपूट जोडलेलं असतं. मग ॲप्ट म्हणतं, एक ठेवायची तर दुसरी काढतो. घाईत ‘वाय’ दाबलं की डेस्कटॉपच निघून जातो.

त्यापेक्षा ‘डीबूटस्ट्रॅप’ नं एक्स८६ डेबियनची वेगळी डिरेक्टरी तयार करा, क्यूएमयू नोंदवलेलं ठेवा (म्हणजे एक्स८६ प्रोग्राम कर्नल आपोआप त्याच्याकडे देतो), आणि ‘एसक्रूट’ नं आत जा. आतलं आत राहतं, बाहेरच्या अपडेटचा त्याला धक्का लागत नाही. जागा काही जीबी जाते, पण मनःशांती मिळते, आणि उद्या एसडी कार्ड बदललं तर तेवढी डिरेक्टरी उचलून नेता येते.

प्लगइन: इथे नियम बदलतो

आतापर्यंत जे सांगितलं ते स्वतंत्र प्रोग्रामला लागू आहे. प्लगइन हा प्रोग्राम नाही. ती लायब्ररी आहे, आणि ती ब्राउझरच्या प्रोसेसमध्ये, त्याच्याच मेमरीत, लोड होते. त्यामुळे प्लगइनचं आर्किटेक्चर ब्राउझरशी जुळावं लागतं. मशीनशी जुळतं का हा दुय्यम प्रश्न. मशीनवर बॉक्स६४ बसवलं, नोंदणी केली, एक्स८६ चे दहा प्रोग्राम धडाधड चालले, तरी एआरएमच्या फायरफॉक्सला एक्स८६ चं प्लगइन गिळता येणार नाही. बॉक्स६४ ला कोणी बोलावलेलंच नसतं. बोलावणं प्रोसेस सुरू होताना जातं, लायब्ररी लोड होताना नाही.

नागपूरकराला हे रेल्वेवरून पटकन कळेल. इतवारी स्टेशनावरून नागभीडची नॅरो गेजची गाडी सुटायची ते दिवस आठवा. अडीच फुटी रुळांवरचा तो डबा मुंबईच्या मेलला जोडता येत नसे, इंजिन कितीही ताकदीचं असो. दोनच मार्ग होते: अख्खी गाडी नॅरो गेजची, किंवा मध्ये फलाट, जिथे माणसं एका गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीत बसतील.

प्लगइनचेही हेच दोन मार्ग आहेत. एक तर ब्राउझरसकट सगळं जुन्या आर्किटेक्चरचं, किंवा दोन वेगळ्या प्रोसेस आणि मध्ये देवाणघेवाणीची जागा. ‘एनएसप्लगइनरॅपर’ नावाचं जुनं साधन दुसऱ्या मार्गाचं उत्तम उदाहरण होतं. ६४-बिट ब्राउझरमध्ये ते स्वतःची छोटी ६४-बिट लायब्ररी बसवायचं, बाजूला ‘एनपीव्ह्यूअर’ ही ३२-बिट प्रोसेस उभी करायचं, खरं प्लगइन तिच्यात भरायचं, आणि दोघांमध्ये संदेश फिरवायचं. २०११ च्या ऑक्टोबरात ६४-बिट लिनक्ससाठी फ्लॅश ११ अधिकृतपणे येईपर्यंत पुष्कळांनी याच्याच जोरावर दिवस काढले. आज ते वापरू नका, कारण ज्या खिडकीत ते बसायचं ती खिडकीच ब्राउझरांनी बुजवली: क्रोमनं लिनक्सवर २०१४ मध्ये एनपीएपीआय (प्लगइन जोडण्याची ती जुनी सोय) काढलं, फायरफॉक्सनं मार्च २०१७ च्या ५२ व्या आवृत्तीत फ्लॅश सोडून बाकी सगळ्या प्लगइनांना निरोप दिला, आणि जानेवारी २०२१ च्या ८५ व्या आवृत्तीत फ्लॅशलाही. पण युक्ती कालबाह्य नाही. खालच्या प्रत्येक प्रकरणात विचारायचा प्रश्न तोच: फलाट कुठे आहे?

फ्लॅशचे धडे

शाळांकडून येणारं सगळ्यात मोठं काम हेच, आणि यात माझा जीव गुंततो. मराठी शिक्षकांनी स्वतः बसून फ्लॅशमध्ये केलेले धडे, सीडीवर ठेवलेले: बाराखडी, पाढे, नकाशे. ते एसडब्ल्यूएफ, म्हणजे फ्लॅशच्या, फाइलींत अडकून पडले आहेत. ॲडोबीनं ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअर स्वतःच मजकूर दाखवायचं नाकारू लागला. म्हणजे जुनं एक्स८६ प्लगइन शोधून, जुना ब्राउझर बांधून, सगळी आर्किटेक्चर जुळवली तरी शेवटी बहुधा एक राखाडी खूणच दिसते. त्या वाटेला जाऊच नका.

रफल वापरा. हा फ्लॅशचा मुक्त एम्युलेटर रस्ट भाषेत लिहिला आहे आणि त्याचा वेबवरचा अवतार वेबअसेंब्लीत चालतो. वेबअसेंब्लीचं भाषांतर ब्राउझर स्वतः करतो, त्यामुळे एआरएम की एक्स८६ हा प्रश्न उद्भवतच नाही. रफलच्या फाइली आणि एसडब्ल्यूएफ एका फोल्डरमध्ये ठेवा, साधं एचटीएमएल पान करा. पान थेट डबल क्लिक करून उघडलं तर ब्राउझर सुरक्षेपोटी वेबअसेंब्ली अडवतो. म्हणून त्या फोल्डरमधून ‘पायथन३ -एम एचटीटीपी.सर्व्हर’ चालवा आणि लोकलहोस्टचा पत्ता उघडा. एका बोर्डावर हा सर्व्हर ठेवून बाकी लॅबनं त्याच्याकडून धडे घेतले तरी चालतं.

जुन्या ॲक्शनस्क्रिप्ट (फ्लॅशची प्रोग्रामिंग भाषा) १ आणि २ चे धडे रफलमध्ये छान चालतात. ॲक्शनस्क्रिप्ट ३ मधले काही अडखळतात. मराठी धड्यांत आणखी एक गोष्ट तपासा: अक्षरं. त्या काळातले बहुतेक मराठी फॉन्ट युनिकोड नव्हते. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे. फॉन्ट फाइलीतच अंतर्भूत केला असेल तर मजकूर जसाच्या तसा दिसतो. नसेल, तर ‘कमळ’ च्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसेल. ते रफलचं किंवा आर्किटेक्चरचं अपयश नाही. रफलला फॉन्ट वेगळा पुरवण्याची सोय आहे, ती वापरा.

हीच सावधगिरी दुसऱ्या बाजूनंही. पूर्वी मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळं आपापल्या फॉन्टमध्ये असत आणि ती युनिकोडमध्ये वाचायला फायरफॉक्ससाठी पद्मा नावाचं एक्स्टेन्शन होतं. ते नव्या फायरफॉक्सवर चालत नाही म्हणून कोणी एआरएमला दोष दिला तर तो चुकेल. एक्स्टेन्शन जावास्क्रिप्टमध्ये असतात, त्यांना प्रोसेसरशी देणंघेणं नसतं. नोव्हेंबर २०१७ च्या फायरफॉक्स ५७ नं जुन्या पद्धतीची सगळीच एक्स्टेन्शन बंद केली. प्लगइन आणि एक्स्टेन्शन यांत हा फरक करता आला की निम्मं निदान तिथेच होतं.

डिजिटल सहीचं टोकन आणि जावा

कंत्राटदार, सीए आणि त्यांच्याकडे काम करणारी मुलं यांची ही डोकेदुखी. निविदा भरायला किंवा विवरणपत्रावर सही करायला यूएसबी टोकन लागतं, आणि त्याच्याबरोबर मिळणारा लिनक्सचा ड्रायव्हर जवळपास नेहमी एक्स८६ साठीच असतो. तो म्हणजे पीकेसीएस#११ ची (सहीच्या टोकनशी बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीची) एक ‘.एसओ’ लायब्ररी. फायरफॉक्सच्या सिक्युरिटी डिव्हाइसेसमध्ये तिचा पत्ता दिला की ‘मोड्यूल जोडता आलं नाही’ एवढंच येतं. टोकन खराब नाही, पिन चुकलेला नाही. एआरएमच्या प्रोसेसला एक्स८६ ची लायब्ररी दिली आहे, बस.

आधी ओपनएससी (अशा टोकनांसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर) बसवून पाहा. टोकनमधली चिप ती ओळखत असेल तर तिचं एआरएमचं मोड्यूल जोडा आणि विषय संपला.

नसेल ओळखत, तर फलाट शोधा. पूर्वी सहीसाठी पानातच जावा ॲप्लेट चालायचं. आता बऱ्याच ठिकाणी सहीचा एक वेगळा प्रोग्राम मशीनवर पार्श्वभूमीत चालतो आणि वेबपान त्याच्याशी १२७.०.०.१ वर बोलतं. हा फलाट आहे. ब्राउझर एआरएमचा राहू दे, पण सहीचा प्रोग्राम आणि टोकनची लायब्ररी दोघं एक्स८६ चे ठेवून बॉक्स६४ खाली किंवा वेगळ्या डिरेक्टरीत चालवा.

इथे जावा फसवतं. सहीचा प्रोग्राम जावामध्ये असतो, आणि “जावा कुठेही चालतं” हे आपण शाळेपासून ऐकलेलं. म्हणून माणूस एआरएमचं ओपनजेडीके बसवतो, प्रोग्राम सुरूही होतो, खिडकी येते, सगळं छान दिसतं, आणि सही करायच्या क्षणी कोसळतो. कारण त्या क्षणी जावा टोकनची ‘.एसओ’ आपल्या प्रोसेसमध्ये ओढतं. जावाचा कोड कुठेही चालतो हे खरंच, पण त्यानं बोलावलेली मूळ लायब्ररी त्या जावा व्हर्च्युअल मशीनच्याच जातीची लागते. तेव्हा जावाही एक्स८६ चंच हवं. हा एक बदल केल्यावर अडलेली मशीनं चालू झालेली मी पाहिली आहेत.

जुनी जावा ॲप्लेट आणि जेएनएलपी (जावा वेब स्टार्टच्या) फाइली याच न्यायानं पाहा. जावा ११ मधून प्लगइन आणि वेब स्टार्ट दोन्ही गेले, पण जावा ८ आणि आइस्डटी-वेब (वेब स्टार्टचा मुक्त पर्याय) एआरएमवर चालतात. जेएनएलपी फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. आत ‘नेटिव्हलिब’ ही खूण असेल आणि ती फक्त एक्स८६ साठी असेल, तर एआरएमचं जावा तिथे अडेल. नसेल तर बिनधास्त चालवा. जेडीके ८ मधलं ‘ॲप्लेटव्ह्यूअर’ ब्राउझरशिवाय ॲप्लेट उघडतं, हेही पुष्कळांच्या लक्षात नसतं.

आणि जिथे फलाट नाहीच, म्हणजे ब्राउझरसकट सगळं जुनं लागणार? तिथे मी एआरएम बोर्डावर अख्खा एक्स८६ ब्राउझर भाषांतरित करायला सांगत नाही. व्हर्च्युअल मशीनही नाही, कारण केव्हीएमचा वेग एकाच आर्किटेक्चरमध्ये मिळतो. एआरएमवर एक्स८६ चं व्हर्च्युअल मशीन रांगत चालतं. लॅबमधून काढलेल्या डेस्कटॉपपैकी एक चांगला ठेवून द्या. त्यावर जुना ब्राउझर, आणि बाकी मशीनवरून ‘एसएसएच -एक्स’ किंवा व्हीएनसीनं त्याची खिडकी उघडा. त्या ब्राउझरला वेगळा यूजर द्या आणि त्या एका कामाखेरीज दुसरं कुठलंही संकेतस्थळ त्यात उघडू नका. वर्षानुवर्षं सुरक्षा दुरुस्ती न मिळालेला ब्राउझर आहे तो. भंगारात देण्याआधी सगळी मशीनं एकदम देऊ नका, हे मी प्रत्येक शाळेला सांगतो.

चालू केलेलं पुन्हा का बंद पडतं

ठरावीक कारणं आहेत, आणि कोणतं लागू आहे ते पाहायला ‘/व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग’ सगळ्यात आधी उघडा. बंद पडण्याच्या आदल्या दिवशी काय बदललं ते तिथे लिहिलेलं असतं.

‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ नं लायब्ररी उचलून नेल्या, हे नेहमीचं. हातानं आणलेल्या प्रोग्रामला त्या लागतात हे ॲप्टला कळायला मार्ग नसतो. ‘ॲप्ट-मार्क मॅन्युअल’ नं त्या तुमच्या म्हणून नोंदवा. डेबियन १३ मध्ये ३२-बिट एआरएमच्या पुष्कळ लायब्ररींच्या नावांपुढे ‘टी६४’ लागलं आहे. जुन्या नावानं इन्स्टॉल होत नसेल तर ते नाव शोधा.

पाय ५ वाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: मेमरी पेजचा आकार. पाय ५ चं ठरलेलं कर्नल १६ केबीची पेज वापरतं. एक्स८६ ची दुनिया ४ केबीवर उभी आहे, म्हणून बॉक्स८६, वाइन (विंडोजचे प्रोग्राम चालवणारं साधन) आणि फेक्स तिथे सुरू होताच मरतात, आणि एररवरून काही अर्थबोध होत नाही. ‘गेटकॉन्फ पेजसाइझ’ चालवा. १६३८४ आलं तर ‘/बूट/फर्मवेअर/कॉन्फिग.टीएक्सटी’ मध्ये ‘कर्नल=कर्नल८.आयएमजी’ ही ओळ घालून रीस्टार्ट करा. मग ४०९६ यायला हवं. कार्ड नव्यानं लिहिलं किंवा कोणी कॉन्फिग फाइल बदलली की ही ओळ जाते आणि तक्रार परत येते. पाय ४ वरून काढलेलं चालतं कार्ड पाय ५ मध्ये घातल्यावर ‘सगळं बिघडलं’ म्हणणाऱ्यांचंही कारण बहुधा हेच.

प्रोग्राम बंद पडला नाही पण एकाएकी फार हळू झाला, तर ‘/प्रॉक/सिस/एफएस/बिनफमट_मिस्क’ मध्ये डोकवा. एक्स८६ प्रोग्राम कोणाकडे द्यायचे याची नोंदणी तिथे असते. बॉक्स६४ आणि क्यूएमयू दोन्ही बसवलेले असतील तर दोघं एकाच प्रकारच्या फाइलीवर हक्क सांगतात, आणि अपडेटनंतर काम बॉक्स६४ कडून क्यूएमयूकडे गेलेलं असू शकतं. एकालाच ठेवा, किंवा प्रोग्रामच्या आधी स्पष्टपणे ‘बॉक्स६४’ लिहून चालवा.

जुना आणि नवा फायरफॉक्स एकाच प्रोफाइलवर चालवू नका. मे २०१९ च्या ६७ व्या आवृत्तीपासून नव्यानं वापरलेलं प्रोफाइल जुना उघडायचं नाकारतो. दोघांना ‘-पी’ नं वेगळी प्रोफाइल द्या. आणि एखाद्या जुन्या फायरफॉक्समधली सगळी एक्स्टेन्शन एकदम मेली असतील तर कारण सर्टिफिकेट आहे: मोझिलाचं एक मूळ सर्टिफिकेट १४ मार्च २०२५ ला संपलं. १२८ व्या आवृत्तीच्या, आणि दीर्घ मुदतीच्या शाखेत ११५.१३ च्या, आधीच्या सगळ्यांना त्याचा फटका बसतो. मार्च २०२५ पासून मोझिला लिनक्स एआरएम६४ साठीही अधिकृत फायरफॉक्स देते, १३६ व्या आवृत्तीपासून. रोजच्या वापरासाठी एआरएम बोर्डावर तोच असू द्या.

शेवटचं कारण उन्हाळ्यात जास्त दिसतं: घड्याळ. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. पाय ५ मध्ये आहे, पण त्याची बॅटरी वेगळी लावावी लागते. वीज गेली, परत आली, इंटरनेट अजून आलेलं नाही, तर मशीन मागच्याच वेळेत राहतं आणि सुरक्षित संकेतस्थळं ‘सर्टिफिकेट अजून वैध नाही’ म्हणत अडतात. सहीचा प्रोग्रामही त्याच कारणानं रुसतो. आर्किटेक्चरमध्ये शिरण्याआधी ‘डेट’ ही कमांड एकदा चालवून पाहा.

एवढं करूनही अडलात तर मदत मागताना ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’, ‘गेटकॉन्फ पेजसाइझ’, आणि प्रोग्राम, ब्राउझर व प्लगइन या तिन्हींवर चालवलेल्या ‘फाइल’ कमांडचं उत्तर एकत्र पाठवा. एररचा फोटो काढू नका, मजकूर कॉपी करा. फोटोत नेमकी लोडरच्या नावाची ओळ कापली जाते.